मांजरीच्या जंताची गोळी, २० अन् २३० वाली: गावाकडच्या मांजरांवर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

या गोळीचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचाल तर बहुतेक सगळे फ्लॅटमधल्या मांजरांचे राहतात. मांजर बाहेर जात नाही, पाकिटातलं खाते, सोफ्यावर झोपते, अन् मालकीण लिहिते की एक गोळी दिली, पाच स्टार. आमच्या इकडच्या मांजरी दिवसा कोठ्यात, रात्री वावराच्या धुऱ्यावर अन् पहाटे तोंडात उंदीर धरून छपरीत हजर, त्यांच्या पोटात काय काय जाऊन राह्यलं ते त्यायलेच माहीत. म्हणून म्हटलं गावात राहणाऱ्यानं बी एकदा लिहावं. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घरी कापूस-तूर-सोयाबीन, घरात मनी, तिचाच मोठा झालेला बोका, अन् मनीचे दरसालचे पिल्लं. गोळी वापरून आता चांगला काळ झाला, तर जे दिसलं ते लिहून राहिली. लांब होईन, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे मी एका ब्रँडचा रिव्ह्यू लिहत नाही, मिश्रणाचा लिहते. प्राझिक्वांटेल २० मिलिग्रॅम अन् पायरँटेल एम्बोनेट २३० मिलिग्रॅम, एका गोळीत दोन्ही. ड्रॉन्टल कॅट नावानं बाहेर देशातही विकते ते हेच मिश्रण, आपल्याकडे दुसऱ्या नावानंही भेटते, आणि तालुक्याच्या दुकानात ज्या महिन्यात जे आलं ते घ्यावं लागते, त्यामुळे नावाच्या मागं लागण्यात अर्थ नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात कंपोझिशन राहते ते वाचा. कुठं एम्बोनेटच्या जागी पामोएट लिहिलेलं राहते, एकच आहे ते, घाबरायचं नाही. आणि कुठं पायरँटेल ८० लिहिलं असन तर ते नुसत्या पायरँटेलचं वजन, म्हणजे तेवढंच औषध, फक्त मोजायची पद्धत वेगळी.

आता हे वाचायचं काहून तर ऐका. मी पहिल्यांदा ज्या दुकानात गेली ते ढोरायच्या दवाईचं दुकान, नाव नाही घेत.

"भाऊ, मांजरीच्या जंताची गोळी आहे काय?"

"मांजरीची नाही ताई, कुत्र्याची आहे. चार तुकडे करा अन् एक तुकडा द्या. काही नाही होत, सगळेच नेतात."

सगळेच नेतात हे खरं असन. पण घरी येऊन मी दोन्हीचं गणित मांडलं. कुत्र्याच्या त्या नेहमीच्या गोळीत प्राझिक्वांटेल ५०, पायरँटेल १४४ अन् वरून फेबँटेल नावाचं तिसरं जंताचं औषध १५० राहते, आणि ती १० किलोच्या कुत्र्याला एक. मांजरीची गोळी ४ किलोला एक. म्हणजे प्राझिक्वांटेल दोघांतही किलोला ५ मिलिग्रॅमच पडते, तिथं हिशोब जुळते. पण पायरँटेल पाहा, मांजरीच्या गोळीत किलोला साडेसत्तावन, अन् कुत्र्याच्या गोळीतून किलोला चौदाच्या जवळपास. चौथा हिस्सा! म्हणजे वजन बरोबर मोजून, तुकडा बरोबर पाडून दिला तरी गोल जंतासाठीचं औषध मांजरीच्या हिशोबाच्या पाव भागच जाणार, आणि फेबँटेल जे मांजरीच्या गोळीत नसतेच ते फुकटात जाणार. दुकानदार भाऊ काही वाईट माणूस नाही, त्याच्याकडे गाई-म्हशी, बकऱ्या अन् कुत्रे याचंच गिऱ्हाईक, मांजरीवर पैसे खर्च करणारं कोणी येत नाही म्हणून माल नाही. तर त्याला आधी सांगून ठेवा, आठवड्यात मागवून देते. मला तसंच भेटलं नंतर, एक गोळी शंभर रुपयाच्या आतच पडली. ऑनलाइनही भेटते, पण आमच्या गावात कुरिअर येत नाही, तालुक्याहूनच उचलून आणावं लागते, मग सोमवारच्या बाजारासोबत काम होऊन जाते.

दोन औषधं काहून लागतात, एकानं काहून भागत नाही, हे बी सांगते, कारण खालच्या सगळ्या गोष्टी त्याच्यावरच आहेत. मांजरीत मोठे तीन प्रकार. एक गोल जंत, पांढरे, लांब, शेवयांसारखे, कधी मांजर ओकते तर त्यात गुंडाळी होऊन पडतात, पिल्लांत हेच जास्त. दुसरे चपटे, पट्टीसारखे, त्यांचे तुकडे तुटून बाहेर येतात. ते तुकडे मांजरीच्या बुडाजवळच्या केसांना, नाहीतर तिच्या झोपायच्या पोत्यावर दिसतात, ओले असले की तांदळाच्या दाण्यासारखे अन् जरा वळवळतात, वाळले की तिळासारखे. आमच्याकडे हेच आधी दिसले, शेजारच्या काकू म्हणे, "धान्य सांडलं वाटते पोत्यावर." धान्य नव्हतं. तिसरे आकडे जंत, ते दिसतच नाहीत, आतड्याला चिकटून रक्त पितात, मांजर नुसती मलूल होत जाते अन् तिच्या हिरड्या पांढरट पडतात. हिरडी पाहायची सवय लावून घ्या, ओठ जरासा वर केला की दिसते, गुलाबी पाहिजे.

पायरँटेल गोल अन् आकड्या जंतांना लुळं करते, मग ते आतड्याला धरून राहू शकत नाहीत अन् शी सोबत निघून जातात. प्राझिक्वांटेल पट्टीवाल्यांचं काम करते. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. म्हणूनच त्या मिश्रणाला पैसे.

वजनाची गोष्ट. पाकिटावर लिहिलेलं राहते ते असं की १ ते २ किलोला अर्धी, ४ किलोपर्यंत एक, ४ ते ६ किलोला दीड. शहरात लोक बाथरूमच्या काट्यावर मांजर घेऊन उभे राहतात अन् मग स्वतःचं वजन वजा करतात. आमच्याकडे कापूस मोजायचा स्प्रिंगचा काटा राहते ना, वेचणीवाल्या बायांचा कापूस मोजतो तो, त्याच्या आकड्याला कापडी थैली लावली, थैलीत मनी, तोंड तेवढं बाहेर. पोट्टे हसून हसून लोळले पण वजन निघालं, तीन किलोच्या वर. त्या काट्यावर अर्ध्या किलोचा फरक पडू शकते म्हणा, तर किराण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा जास्त चांगला, दुकानदार ओळखीचा असला अन् मांजर गरीब असली तर. पिल्लांचं वजन मात्र तिथंच करा, अंदाजानं नको. गावच्या मांजरी दिसायला फुगीर राहतात थंडीत, वजन तेवढं नसते.

आता गोळी द्यायचं. इथं एक स्टार कापला मी. प्राझिक्वांटेल कडू, लय कडू. गोळी जिभेवर विरघळली की मांजर तोंडातून फेस काढते, लाळ गाळते, डोकं झटकते, पाहणाऱ्याला वाटते विष चढलं. तसं काही नसते, चवीची तक्रार आहे ती, थोड्या वेळात थांबते. पण आमच्या सासूबाईंनी पहिल्या वेळी तो फेस पाह्यला अन् मला म्हणे, "मारून टाकली ना गं पोरी तू तिले!" मनी दहा मिनिटात चुलीजवळ अंग चाटत बसली, तेव्हा कुठं त्या शांत झाल्या.

माझी पद्धत सांगते. दुपट्ट्यात मांजर गुंडाळायची, चारही पाय आत, मान मोकळी. एकानं धरायचं, एकानं गोळी द्यायची, एकट्यानं करायला जाल तर हाताचे ओरखडे घेऊन दवाखान्यात जावं लागन. डोकं वरून धरून नाक जरा वर करायचं, खालचा जबडा आपोआप सैल होते, बोटानं उघडायचा अन् गोळी जिभेच्या अगदी मागं टाकायची, मधात नाही. तोंड बंद धरून गळ्यावरून हलका हात फिरवायचा. मग सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडंसं पाणी, हे विसरू नका, कोरडी गोळी घशात अडकून राहू शकते. गोळीला तूप चोपडलं तर सरकते. उपाशी ठेवायची गरज नाही, पाकिटावरही तसं काही नाही. खाण्यात लपवून द्यायचं असन तर बकऱ्याच्या कलेजीचा तुकडा सगळ्यात कामाचा, नाहीतर बाजारातली सुकट भिजवून कुटून त्याची गोळी करा अन् आत औषध. दुधात चुरून देऊ नका, आमच्या बोक्यानं एक घोट घेतला अन् त्या वाटीला पुढं कित्येक दिवस तोंड लावलं नाही, दूध गेलं, गोळी गेली. अर्ध्या गोळीची तुटलेली बाजू जास्त कडू लागते, ती बाजू तुपात बुडवून मग द्या.

दिल्यावर लगेच ओकली तर मनानंच दुसरी देऊ नका, डॉक्टरला फोन करून विचारा. एखाद वेळ शी पातळ होते, दिवसभरात ठीक होते.

रिझल्ट. बोक्याच्या शी मध्ये दुसऱ्या दिवशी शेवया दिसल्या, म्हणजे तिथं गोळीनं दाखवून दिलं. मनीच्या शी मध्ये काहीच नाही, जी पट्टीच्या तुकड्यांनी भरलेली होती ती. मी डॉक्टर साहेबांना विचारलं तर ते म्हणे, पट्टीवाला जंत प्राझिक्वांटेलनं आतड्यातच गळून पचून जाते, तुम्हाला दिसणार नाही, बुडाजवळचे दाणे बंद झाले की समजा गेला. दोन-तीन दिवसात दाणे बंद झाले. तर ऑनलाइन ज्यांनी एक स्टार देऊन लिहिलं आहे की गोळी दिली पण जंत काही पडले नाही, पैसे पाण्यात, त्यांनी हे वाचावं.

दुसरे एक स्टारवाले म्हणतात, गोळी दिली, बंद झालं, अन् महिन्याभरात पुन्हा दाणे, म्हणजे औषध बोगस. याच्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या गावात बी हेच बोलतात. गोळी पोटातलं आजचं साफ करते, उद्याचं नाही. तिचा असर शरीरात राहत नाही. आज दिली अन् उद्या मांजरीनं पुन्हा जंताचं काही गिळलं तर पुन्हा लागण. अन् गिळते कुठून? पट्टीवाल्याचा एक प्रकार पिसवांतून येते. पिसवाची अळी त्या जंताची अंडी खाते, अळीची पिसवा होते, मांजरीला खाज सुटते, ती चाटते, पिसवा पोटात, अन् दोन-तीन आठवड्यात नवे दाणे चालू. दुसरा प्रकार उंदरांतून, उंदीर-घुशीच्या लिव्हरमध्ये त्याची गाठ राहते, मांजरीनं उंदीर खाल्ला की झालं. गोल जंतही मातीतल्या अंड्यांतून येतात अन् उंदरातल्या अळ्यांतूनही. आता सांगा, धान्याच्या कोठीत उंदीर, वावरात उंदीर, कोठ्यात पिसवा, आणि दोष गोळीचा?

उंदीर खाऊ नको असं काही मांजरीला सांगता येत नाही, त्यासाठीच तर पाळली. (उंदरासाठी औषध मात्र घरात टाकू नका, विष खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तर जंताचा विषयच संपते.) पिसवांचं मात्र करता येते. झोपायचं पोतं-गोधडी आठवड्याला गरम पाण्यात काढा अन् आपल्या विदर्भाच्या उन्हात वाळवा, एवढं ऊन कशाला पडते मग. छपरीचा कोपरा, कणगीच्या मागची फट झाडून कचरा बाहेर दूर टाका, कारण पिसवांची अंडी-अळ्या मांजरीच्या अंगापेक्षा जमिनीवरच जास्त राहतात. अंगावर लावायचं औषध लागत असन तर मांजरीचंच घ्या, मानेच्या मागं टाकायचे थेंब भेटतात. सेलामेक्टिनवाले थेंब पिसवा, कानातले किडे, गोल अन् आकडे जंत एवढं पाहतात, पट्टीवाल्यावर चालत नाहीत, अन् गोळीपेक्षा बरेच महाग. मी तेच वापरते ते फक्त पावसाळ्यात, बाकी वर्षभर ऊन अन् झाडू.

आणि हे नीट ऐका. कुत्र्यांच्या गोचिडाचे जे थेंब राहतात त्यातल्या कितीतरीत परमेथ्रिन राहते. कुत्र्याला चालते, मांजरीला मरण. मांजरीचं लिव्हर ते पचवूच शकत नाही, अंग थरथरते, झटके येतात. आमच्याकडे कापसावर मारायची सायपरमेथ्रिनची बाटली घरोघरी, तीच ढोरायच्या गोचिडावरही पातळ करून लावतात, अन् कोणीतरी म्हणतेच, "थोडं मांजरीलेही पुसून दे ना." नाही. त्याच घराण्यातलं औषध आहे ते. ढोराला लावलं असन तर अंग वाळेपर्यंत मांजरीला त्याच्या अंगावर झोपू देऊ नका, थंडीत मांजरी बैलाच्या पाठीवरच जाऊन बसतात.

किती दिवसांनी द्यायची? मोठ्या, बाहेर फिरणाऱ्या, उंदीर मारणाऱ्या मांजरीला तीन महिन्यांनी. आता तारीख कोणाच्या लक्षात राहते, म्हणून मी सणांना बांधून टाकलं. संक्रांत, अक्षय तृतीया, पोळा, दिवाळी. पोळा ते दिवाळी अंतर कमी पडते पण पावसाळ्यात पिसवाही जास्त, तर चालून जाते. पोळ्याला बैलाची खांदशेकणी झाली की मनीची गोळी, घरात सगळ्यांना माहीत आहे आता, पोट्टेच आठवण करून देतात. फ्लॅटमधल्या मांजरीला एवढ्या वेळा नाही लागत, ते रिव्ह्यू त्यांच्यापुरते बरोबरच आहेत.

पिल्लांचं वेगळं. ही गोळी सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना नाही, पाकिटावर लिहिलेलं आहे. पण पिल्लांना जंत मात्र त्याच्या आधीच लागतात, कारण गोल जंत मायच्या दुधातून जातात. पोट ढोलासारखं अन् पाठीचं हाड वर, असं पिल्लू दिसलं की लोक म्हणतात खाऊन-पिऊन गुटगुटीत झालं. गुटगुटीत नाही, जंत आहेत. त्यांच्यासाठी नुसत्या पायरँटेलचं पातळ औषध, तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दूध तुटल्यावर दोन आठवड्यांपर्यंत, नंतर सहा महिन्याचं होईपर्यंत महिन्याला एक. पुन्हा पुन्हा काहून, तर ते औषध आतड्यातल्या मोठ्या जंतावरच चालते, अंगात फिरून राहिलेल्या बारीक अळ्यांवर नाही, त्या दोन आठवड्यात मोठ्या होऊन आतड्यात उतरतात तेव्हा त्यांना धरायचं. अन् पिल्लांना पहिला डोस द्याल त्याच दिवशी मायलाही द्या, नाहीतर एकीकडून साफ अन् दुसरीकडून चालू. माणसांच्या मेडिकलमध्येही पायरँटेलचं सिरप भेटते, पण बाटली-बाटलीत ताकद वेगळी, त्यामुळे किती एमएल ते पिल्लाचं वजन सांगून जनावरांच्या डॉक्टरकडूनच विचारून घ्या, चमच्यानं मोजू नका. मांजर गाभण असन तरी मनानं गोळी नको, आधी विचारा.

आता जे देऊ नये त्याची यादी मोठी आहे गावात, मी ऐकलेलं सांगते.

शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन राहते, २०१५ पासून चालू आहे सरकारचं, पोट्ट्यांना अल्बेंडाझोलची ४०० ची चावायची गोळी देतात. चांगली गोष्ट आहे, पोट्ट्यांना नक्की द्या. पण आमच्या इथं एका पोरानं अर्धी गोळी खिशात घालून मांजरीसाठी आणली, बिचाऱ्याचा जीव मोठा. अल्बेंडाझोल मांजरीच्या हाडातल्या मगजावर परिणाम करते, रक्त तयार होणंच थांबू शकते. मास्तरांसमोरच गिळायला लावायची ती गोळी, खिशात नाही.

ढोरायला टोचतात ते आयव्हरमेक्टिन, टोचणारा गावात आलाच आहे तर मांजरीलेही एक टोचून घेऊ असं होते. पट्टीवाल्या जंतावर ते कामच करत नाही, अन् तीनशे किलोच्या जनावरासाठी बनवलेलं औषध तीन किलोच्या मांजरीला थेंबाच्या हिशोबात कोण मोजणार? फेनबेंडाझोल ही बरी दवाई आहे, गोल जंतावर डॉक्टर देतातही दोन-चार दिवस, पण पिसवावाल्या पट्टीवर ते चालत नाही, तर दाणे दिसत असतील तर उपयोग नाही.

घरगुती म्हणाल तर लसूण. लसूण अन् कांदा दोन्ही मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, जंताच्या आधी मांजर जाईन. वावडिंग अन् पळसाच्या बिया आपल्या आजी-पणजीच्या बटव्यातल्या, जंतासाठीच देत होते माणसाला, आमच्याकडं फाल्गुनात पळस एवढा फुलते की बियांना तोटा नाही. पण माणसाचं मांजरीला लागू होत नाही, किती द्यायचं त्याचा काही हिशोबच नाही, मग काहून प्रयोग करायचा तिच्यावर. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्या अजून म्हणतात की मांजरीचा केस पोटात गेला की माणसाला जंत होतात. केसानं होत नाही. पण त्यांच्या भीतीत थोडं खरं आहे ते पुढं.

मांजरीच्या गोल जंताची अंडी शी मधून मातीत जातात. ताज्या शी मधली अंडी लगेच लागत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे गेले की मग तयार होतात, अन् नंतर सावलीच्या ओलसर जागेत महिनोन् महिने टिकतात. ती मातीच्या हातानं पोट्ट्यांच्या तोंडात गेली तर अळ्या अंगात फिरतात, लिव्हरमध्ये, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात. आता आमच्या गावात घरकुलाची कामं चालू, दारोदारी रेतीचे ढीग, मांजरीला हगायला रेतीपेक्षा भारी जागा नाही अन् पोट्ट्यांना खेळायलाही नाही. संध्याकाळी ताडपत्री टाकून दगड ठेवा, एवढंच. आम्ही मांजरीसाठी मागच्या बाजूला राख-मातीचं एक घमेलं ठेवलं, रोज उचलून खोल खड्ड्यात, चार आठवडे मातीत राहूच द्यायची नाही. जेवायच्या आधी हात धुणं तर आहेच. गाजर-मुळा वाडीतला असन तर तोही घासून धुवा. अन् पिसवावाला पट्टीचा जंत माणसाला मांजरीला हात लावल्यानं होत नाही, त्यासाठी पिसवाच गिळावी लागते, लहान लेकरांत क्वचित होते तसं. म्हणजे मांजर हाकलून द्यायचं काही कारण नाही, जे आमच्या गल्लीत एकदोघांनी केलं.

एक गैरसमज अजून. घरात कोणी गरोदर असन तर लोक टोक्सोप्लाझ्माचं नाव घेतात अन् म्हणतात मांजरीला जंताची गोळी दिली ना, मग झालं. तो जंतच नाही, एकपेशीय जीव आहे, या गोळीचा त्याच्यावर काही असर नाही. गरोदर बाईनं मांजरीची शी उचलू नये, घमेलं दुसऱ्यानं रोजच्या रोज साफ करावं, अन् मटण पूर्ण शिजवून खावं.

दवाखान्याचं बी लिहते. गावात-तालुक्यात जो सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना राहते तो ढोरा-बकऱ्यांच्या हिशोबानं चालते, तिथं मांजर नेली की बसलेले लोक पाहत राहतात, पण डॉक्टर पाहतात, नाही म्हणत नाहीत, निदान मला तरी कोणी म्हटलं नाही. डब्बीत ताजी शी नेली तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी पाहून देतात जिथं सोय असन तिथं. पट्टीवाल्याची अंडी त्या तपासणीत सुटू शकतात, म्हणून बुडाजवळचे दाणे दिसले असतील तर तसं तोंडानं सांगा, फोटो काढून नेला तर अजून बरं. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय आहे, अन् लय बिघडलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर अकोल्याची पदव्युत्तर संस्था. हिरड्या पांढऱ्या, पिल्लू उभं राहत नाही, ओकण्यात जंत अन् खाणं बंद, अशात गोळीच्या भरवशावर घरी बसू नका. अशक्त पिल्लाला आधी रक्त-पाण्याचं पाहावं लागते.

तर स्टार. औषधाच्या कामाला पाच पैकी पाच, दाणे बंद होतात, शेवया पडतात, मांजरीचा केस महिन्याभरात चमकते. चवीला एक कापला. मिळण्याला अजून अर्धा कापते, कारण दहाची स्ट्रिप घ्या म्हणतात अन् गावातल्या दोन मांजरींना दहा गोळ्या पुरून उरतात. आम्ही गल्लीतल्या तीन घरांनी मिळून स्ट्रिप घेतली, एक्सपायरी पाहून, अन् कोणाच्या घरी किती गेल्या ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवतो. फोडलेली अर्धी गोळी पुढच्या सणापर्यंत ठेवू नका, दुसऱ्या मांजरीला त्याच दिवशी जुळवा. स्ट्रिप पोट्ट्यांच्या हाताला लागन अशी ठेवू नका. अन् दुकानात जाल तर सिरिंज सोबतच घेऊन या, पाच एमएलची, सुई तिथंच काढून ठेवायला सांगा.